उजव्या कडेची पट्टी: घरी बांधलेल्या पहिल्या होडीला फायबर चढवताना

होडी उलटी घालून तिच्या अंगावर रुपयाच्या नाण्यानं टकटक करत गेलं, की डाव्या बाजूला टोकापासून टोकापर्यंत एकच भरीव आवाज येतो. उजव्या बाजूला मध्यापासून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, जाताना, बुडाच्या कडेला लागून, पाचेक फूट तो आवाज बदलतो. ठक्‌च्या जागी भद्द. तिथं फायबरचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं, कापड लाकडाला धरलेलं नाही, कडेवरून नुसतं ताणून बसलंय. दोन्ही बाजूंचं लाकूड एकाच दुकानातलं, कापड चिकटवायचं रेझिन एकाच डब्यातलं आणि काम करणारे हातही तेच तिघांचे. दोन बाजूंच्या कामात सहा दिवसांचं अंतर पडलं, आणि त्या सहा दिवसांत आम्ही जे शिकलो ते या प्रकरणात मांडतोय.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमध्ये काम करतो. फौंड्रीला, म्हणजे धातूच्या ओतकामाला, लागणारे लाकडी पॅटर्न (ज्यावरून साचा उठवतात ते नमुने), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचे साचे), कधी रेझिनचे पॅटर्न. म्हणजे रंधा, पटाशी, लांबी (खाचा भरायचा लगदा), इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) या गोष्टी माझ्या रोजच्या. त्यामुळं चुलतभावानं होडीचा विषय काढला तेव्हा मी जरा जास्तच छाती फुगवून हो म्हणालो. पुढं ज्या चुका झाल्या त्यातल्या निम्म्या या ‘मला येतंय’मधूनच आल्या.

चुलत्यांचं घर आणि शेत पंचगंगेच्या काठाला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. त्या दिवसांत गल्लीतून गुऱ्हाळाच्या काहिली फिरत होत्या. उसाचा रस आटवायची लोखंडी काहील पाण्यावर तरंगते, पण जिकडं वाटेल तिकडं गोल फिरते. भाऊ म्हणाला, “दादा, आपली एक होडी पाहिजे बघ.” मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, की घरात बांधलेली प्लायची होडी महापुरात घालायची नसते, त्या पाण्याला यांत्रिक बोटी आणि शिकलेली माणसं लागतात. आपली होडी पावसाळा सरल्यावर, बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर नदी तुंबून संथ होते त्या दिवसांसाठी. त्याची निम्मी जमीन पलीकडच्या काठाला आहे. वैरणीचा भारा आणायला पुलावरून मोठा वळसा पडतो. तेवढ्यापुरती होडी.

बांधणीचं फार सांगत नाही. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, सपाट बुडाची. बाजूंना ६ मिलिमीटर आणि बुडाला ९ मिलिमीटर मरीन प्लाय. शीट ८ फुटी असल्यामुळं जोड द्यावा लागतो. तो जाडीच्या आठपट उतार घेऊन, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर, रंध्यानं तासून चिकटवला. फळ्या तांब्याच्या तारेच्या टाक्यांनी शिवून आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीत लाकडाचं पीठ कालवून गोलाई भरली. पॅटर्नमध्ये आतल्या कोपऱ्याला फिलेट देणं हे आमचं नेहमीचं काम, त्यामुळं हा भाग देखणा झाला. प्लायवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून घेतला, तरी एक तुकडा चुलीवर पातेल्यात दिवसभर उकळला. या मानकातली उकळण्याची चाचणी ७२ तासांची असते. आमच्या वहिनीनं तेवढं जळण दिलं नाही.

आता फायबर.

ओळखीचा एक फायबरवाला आहे. पाण्याच्या टाक्या, दारं, गाड्यांचे टप असलं काम करतो. त्यानं सांगितलं, इपॉक्सीचे पैसे कशाला घालवता, पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची, न विणलेली चटई) घ्या, दोन तासांत मोकळे व्हाल. त्याच्या कामात तो बरोबरच होता. तो साच्यात नुसतं फायबर थापतो, त्याला लाकडाला चिकटवायचं नसतं. मला खात्री नव्हती, म्हणून प्लायचे चार हातभर तुकडे घेतले. दोनांवर पॉलिएस्टर आणि मॅट, दोनांवर इपॉक्सी आणि चौरस मीटरला २०० ग्रॅमचं विणलेलं कापड. वाळल्यावर आठवडाभर रात्री गोठ्यातल्या हौदात आणि दिवसा पत्र्यावर उन्हात. मग कडेला पटाशी घालून उचकटलं. पॉलिएस्टरचा थर पापडासारखा अख्खा सुटून आला आणि खाली लाकूड स्वच्छ. इपॉक्सीचा सुटता सुटेना, आणि सुटला तिथं लाकडाचे तंतू सोबत घेऊन आला. या सगळ्या प्रकरणात आम्ही निःसंशय बरोबर केलेली गोष्ट एवढीच. ते चार तुकडे अजून शेडच्या खांबाला खिळ्यानं टांगलेले आहेत.

तरीही थोडा शहाणपणा कमी पडला. फायबरवाल्याकडून आधीच आणलेली मॅट वाया जाऊ नये म्हणून नाळेवर ती इपॉक्सीत घालून बघितली. तिचे धागे एकमेकांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, तेव्हा ती मऊ पडते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. मॅट पुठ्ठ्यासारखी ताठ आणि पांढरी राहिली, नाळेच्या वळणाला वाकायला तयार नाही. काढून टाकली. होडीला मॅट नको, विणलेलं कापड.

आणि पॉलिएस्टरच्या वाटेला जाणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो. ते घट्ट व्हायला त्यात कोबाल्ट आणि एमईकेपी असे दोन पातळ पदार्थ वेगवेगळे घालतात. ते दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटही होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा. बाटल्या शेजारी शेजारीसुद्धा ठेवू नका.

उजवी बाजू आम्ही मे महिन्यातल्या एका रविवारी केली. मृग लागायच्या आत काम उरकायचं, एवढंच डोक्यात. सकाळी ९ वाजता सुरुवात. उन्हं चढायच्या आत होईल, असा हिशेब. होडी पत्र्याच्या शेडमध्ये उलटी, तीन बाजू उघड्या. कापड कोरडं अंथरलं, बुडाच्या मध्यरेषेपासून बाजूच्या काठापर्यंत, आणि थेट त्याच्यावर रेझिन ओतून पसरायला लागलो.

पहिली गडबड मगमध्ये झाली. आमच्या इपॉक्सीचं प्रमाण वजनानं १०० रेझिनला १० हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग) असं होतं. एकदाच भरपूर कालवून घ्यावं म्हणून मी प्लास्टिकच्या मगमध्ये अर्धा किलोच्या वर तयार केलं. दहा मिनिटांत भाऊ ओरडला, “दादा, मग तापलाय! धूर यायला लागलाय!” मग हातात धरवेना. बाहेर मातीत नेऊन ठेवला तोवर आतलं रेझिन पिवळं होऊन उकळल्यासारखं फुगलं आणि दगड झालं. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. खोल भांड्यात ती उष्णता अडकते, तिच्यामुळं क्रिया आणखी पळते, तिच्यातून आणखी उष्णता. त्यानंतर आम्ही एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवलं नाही, आणि कालवलं की लगेच परातीत पसरून ओतलं. पातळ थरात तेच रेझिन दुप्पट वेळ टिकतं. वहिनीची परात गेली ती गेलीच.

दुसरी गडबड लगेच दिसली नाही. ११ च्या सुमाराला कापड नितळ झालं होतं, विणीतून लाकूड दिसत होतं, आम्ही खूष. साडेबाराला बघतो तर बुडावर ठिकठिकाणी बारीक फोड. रबरी पत्रीनं दाबले की जातात, पाच मिनिटांत शेजारी दुसरे. आमच्या शॉपमधले जुने मिस्त्री जेवायला म्हणून आले होते, ते हाताची घडी घालून बघत राहिले आणि म्हणाले, “लाकूड श्वास सोडतंय रे. तू सकाळी गार लाकडावर रेझिन घातलंस. आता पत्रा तापला, लाकूड तापलं, त्याच्या पोटातली हवा फुगून वर येणार. ती काय तुला विचारून येणार हाय?”

सगळं तिथंच कळलं. चढत्या तापमानात लाकूड हवा बाहेर टाकतं, उतरत्या तापमानात आत ओढतं. आत ओढत असेल तर रेझिनही आत ओढतं, म्हणजे उलट फायदाच. काम दुपारी ऊन कलल्यावर सुरू करायला हवं होतं. कोल्हापुरात मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली सकाळी ९ ही वेळ सगळ्यांत वाईट.

तिसरी गोष्ट: जागोजागी पांढुरके, कोरडे पट्टे. विशेषतः जिथं प्लायची कापलेली कड उघडी होती तिथं. कोरडं लाकूड रेझिन पीत होतं आणि कापडाला उपाशी ठेवत होतं. आधी नुसत्या रेझिनचा एक हात देऊन लाकडाची तहान भागवायची असते. मला माहीत नव्हतं असं नाही. पॅटर्नला लाकूड बंद करायला आम्ही सीलर मारतोच. पण त्या रविवारी घाई होती.

आणि चौथी, म्हणजे ती पट्टी. बुड आणि बाजू जिथं मिळतात ती बाहेरची कड मी रंध्यानं अशी काढली होती की बोट फिरवलं तर कापेल. वीस वर्षांची सवय. पॅटर्नची कड बोथट दिसली तर तो परत येतो. पण काचेचं कापड हे कापूस नव्हे, ते धारेवर वळत नाही. वळवून दाबलं तर थोडा वेळ बसतं आणि मग दोन्हीकडून अंग काढून घेतं. मधोमध पोकळी राहते, तिच्यात हवा. त्या दिवशी आम्ही पाच-सहा वेळा दाबलं, रेझिन थोपलं. रेझिन जास्त झाल्यावर कापड त्याच्यावर तरंगायला लागलं, म्हणजे आणखी वाईट. मिस्त्री म्हणाले, “कड मार. पेन्सिलीपेक्षा जाड गोल कर.” पण आता कापड ओलं होतं. ती पट्टी तशीच राहिली.

त्याच दुपारी वीण भरायला दुसरा हात दिला. संध्याकाळी ५ ला वळीव आला. वारा, धूळ, मग अर्धा तास सडकून पाऊस. होडीवर पाणी पडलं नाही, त्यामुळं आम्ही निश्चिंत. सोमवारी सकाळी हात फिरवला तर सगळीकडे तुपकट. भावाला वाटलं अजून वाळतंय. मी वरून तिसरा हात दिला आणि तो अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बाजूला सरकला. हवेत ओलावा भरपूर असताना इपॉक्सी वाळली, की हार्डनरमधला काही भाग हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर मेणासारखा थर धरतो. वरून काहीच धरत नाही. पॉलिश पेपर मारला तर पेपर भरतो आणि तो थर नुसता पसरतो. उपाय फुकटचा आहे: साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी. तो थर पाण्यात विरघळतो. आधी धुवायचं, पुसायचं, मग घासायचं. आम्ही उलटं केलं आणि पॉलिश पेपरचे डझनभर तुकडे फेकले.

त्या आठवड्यात भावाच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलं. हातमोजे उकाड्यानं काढले होते आणि लागलेलं रेझिन थिनरनं पुसत होता. थिनर ते कातडीत आणखी आत नेतो. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की पुढच्या वेळी थोडक्यात उठते. आता तो होडीला फायबर होताना दहा पावलं लांब खुर्ची टाकून बसतो आणि सूचना देतो. हात साबणानं धुवायचे, मोजे काढायचे नाहीत, आणि वाळलेलं फायबर घासताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो.

डावी बाजू पुढच्या शनिवारी. सकाळी कड कानशीनं गोल केली, अंगठ्याच्या गोलाईइतकी. दुपारी साडेतीनला लाकडाला नुसत्या रेझिनचा हात, प्लायच्या उघड्या कडांना दोनदा. तो चिकट असतानाच, साडेपाचच्या आसपास, कापड. कडेला आधी तिरप्या विणीत कापलेली चार इंची पट्टी घातली. ४५ अंशात कापलेलं कापड वळणाला स्वतःहून बसतं. रेझिन मधून ओतून पत्रीनं कडेकडे नेत गेलो, आणि कापडाची वीण स्पष्ट दिसेल एवढंच ठेवलं. वीण भरायचं काम दुसऱ्या-तिसऱ्या हाताचं. ते हात आधीचा पुरता कडक व्हायच्या आत दिले तर घासावंही लागत नाही. आकाश सकाळपासून बघत होतो, उत्तरेला ढग असते तर काम सोडून दिलं असतं. रात्री १० ला बॅटरी मारून बघितलं, एक फोड नाही.

आता प्रामाणिकपणे बघितलं तर दोन बाजूंमध्ये एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या: वेळ, पहिला हात आणि कड. कशानं काय सुधारलं हे कसं सांगणार? खुणांवरून. बुडाच्या सपाट भागावर कड नाही, तरी उजवीकडे गोल बारीक फोड आहेत, म्हणजे ते वेळेचं काम. पांढरे पट्टे प्लायच्या कापलेल्या तोंडांना धरून आहेत, म्हणजे ती लाकडाची तहान. आणि लांबच लांब पोकळी फक्त कडेलाच आहे. होडी उलटी घालून कुणी बघायला आलं तर मी याच क्रमानं बोट फिरवून दाखवतो.

एक घोटाळा डावीकडेही झाला, तो मात्र हवेवर ढकलता येणार नाही. शेवटच्या हातभर भागाला रेझिन कमी पडलं तेव्हा भावानं मला न विचारता बाटलीच्या टोपणानं मोजून कालवलं. दहा टोपणं रेझिन, एक टोपण हार्डनर. आमचं प्रमाण वजनाचं होतं. हार्डनर रेझिनपेक्षा हलका, त्यामुळं टोपणानं मोजला की वजनात कमी भरतो. तो भाग आठ दिवस गुळाच्या पाकासारखा चिकट राहिला. तेव्हा फायबरवाल्यानं फोनवर सल्ला दिला, वरून जरा जास्त हार्डनर मारा. इथं मोठी गल्लत आहे, आणि तिचं मूळ शब्दात आहे. दुकानात दोन्हीला हार्डनरच म्हणतात. पॉलिएस्टरमधलं ते एक-दोन टक्के औषध, म्हणजे एमईकेपी, क्रिया नुसती सुरू करून देतं, थोडं कमी-जास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीतला हार्डनर स्वतः त्या पदार्थात भागीदार असतो. कमी पडला तर रेझिन एकटं उरतं, जास्त झाला तर हार्डनर उरतो. दोन्ही वेळा ते कधीच पुरतं घट्ट होत नाही. तो चिकट भाग खरवडून, पुसून, परत केला. तेव्हापासून गुजरीतल्या (कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या) एका ओळखीच्या कारागिराकडचा चांदी तोलायचा छोटा डिजिटल काटा आणतो. १०० ग्रॅमला १० ग्रॅम मोजताना एका ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के, तिथं भाजीचा तराजू चालत नाही.

रेझिन एकूण साडेसात किलो लागलं, आम्ही पाच किलो धरलं होतं. कापडाला त्याच्या वजनाएवढं रेझिन लागतं हा हिशेब बरोबर होता. पण पहिला हात, वीण भरायचे दोन हात, आतल्या गोलाया आणि परातीबाहेर गेलेलं, हे आम्ही धरलंच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर बरगे पडले आणि होडी पाण्यात गेली. थेंब आला नाही. फोड तसेच होते आणि त्यांनी काही केलं नाही. बारीक फोडानं होडी बुडत नाही, हेही नोंदवायला हवं, कारण पहिल्या दिवशी आम्ही सगळं उपटून काढायच्या बेतात होतो. खरी गळती पुढच्या वर्षी आली आणि ती फायबरमधून आली नाही. वल्हं अडकवायची लोखंडी बेचकी बसवताना मी फायबरमधून सरळ स्क्रू पिळले होते. त्या भोकांतून पाणी प्लायच्या पोटात गेलं आणि तळहाताएवढा काळा डाग पडला. वर कापड शाबूत, खाली लाकूड कुजकं. फायबर पाणी बाहेर ठेवतं तसंच आत गेलेलं आतही ठेवतं. आता भोक आधी मोठं पाडून रेझिननं भरतो आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा बारीक भोक पाडतो. रंगही आम्ही उशिरा दिला. उन्हात उघडी राहिलेली इपॉक्सी पांढुरकी, खडूसारखी होते, हे काठावर बोट फिरवून कळलं.

उजव्या कडेची ती पट्टी दोन वर्षं तशीच चालली. गेल्या हंगामात काठाच्या दगडाला घासून तिला एक चीर गेली, तेव्हा ती नाण्यावरून खडूनं आखून घेतली. आखलेल्या रेषेच्या आतलं सगळं कापड कापून काढायचं, कड गोल करायची, लाकूड वाळू द्यायचं आणि नवी पट्टी घालायची. भावाचं म्हणणं, सकाळी लवकर सुरू करू म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत मोकळे. त्याला म्हटलं, तू जेवूनच ये.